चार अक्षरी दुखणे

वजनेमापे निरीक्षकांच्या पोटात पहिली कळ आली, तेव्हा ते वाचनालयातील लांब टेबलापाशी बसून गूढ शब्दकोड्यातले सात आडवे सोडवीत होते. कळ बेंबीपाशी सुरू झाली, उजवीकडे खाली उतरली आणि तेथेच ठाण मांडून बसली. निरीक्षकांनी ओठ आवळले. सात आडवे अर्ध्यावर टाकून पोटासाठी उठणे त्यांना शोभले नसते, कारण ते ‘गूढ शब्दकोडे परस्पर साहाय्य मंडळा’चे संस्थापक सभासद होते, आणि त्या मंडळात पोटापाण्याचे विषय काढीत नसत.

मंडळ रोज सकाळी, कचेऱ्या उघडण्यापूर्वी भरे. वर्तमानपत्राची एकच प्रत, टोक केलेल्या पेन्सिली आणि भोवती गावातली निवडक बुद्धिमत्ता. अध्यक्ष डॉक्टर होते. उपाध्यक्ष वकील होते. चिटणीसपद भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे होते; त्यांना सगळे भूगोलबाई म्हणत. बाकीचे हजेरीपुरते. साधी कोडी सोडवणाऱ्यांना मंडळ हिंग लावून विचारीत नसे. नदीसाठी ‘वाहते ती’ असा संकेत देणारे कोडे म्हणजे बालवाडी. मंडळाच्या कोड्यात तीच नदी ‘गरीब उलटला की वाहू लागतो’ अशी येई. मग गरीब म्हणजे दीन, आणि दीन उलटा वाचला की नदी, असा घाम गाळायचा. आणि ती हाती लागली की एकमेकांकडे असे बघायचे, जणू आपणच खणली.

या मंडळात पाप एकच होते, ते म्हणजे उत्तर सांगणे. अडलेल्याला मदत जरूर करावी, पण ती सूचनेने. सांगितलेले उत्तर म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असे डॉक्टर म्हणत. पूर्वी या सूचनांना काही ताळतंत्र नव्हते. कोणी नुसते खाकरून सूचना देई, तर कोणी अख्खे उत्तर देऊन वर ‘ही आपली सूचना’ म्हणे. तेव्हा निरीक्षकांनी खात्यातील अनुभवाच्या बळावर सूचनांची वजने ठरवून दिली. हलकी सूचना कोणीही कोणालाही द्यावी. मध्यम सूचना अध्यक्षांनी द्यावी, आणि तीही फक्त सभासदाला. जड सूचना, म्हणजे जिच्यातून उत्तर डोकावते अशी, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्या संयुक्त संमतीनेच द्यावी. उत्तर फोडणाऱ्याचे सभासदत्व रद्द. याच कलमाखाली एका निवृत्त रोखपालांना काढण्यात आले होते. त्यांच्या तोंडून एकदा शिंकेबरोबर उत्तर निघून गेले होते. अजूनही ते रस्त्यात दिसले की मंडळी पलीकडच्या कडेने जात.

दुसऱ्या कळेला निरीक्षकांच्या हातची पेन्सिल पडली. डॉक्टरांनी त्यांना बाकावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याची उशी करून, आडवे केले. पोटाच्या उजव्या अंगाला खाली बोटे दाबली आणि एकदम सोडली. निरीक्षक कळवळले. डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. अवघड उत्तर सुटले की तो असाच उजळत असे.

येथे वाचकांना ताटकळत ठेवण्याचे काही कारण नाही. निरीक्षकांचे अपेंडिक्स सुजले होते. ते वेळेवर काढले तर माणूस लवकरच हिंडूफिरू लागतो. न काढले तर ते आतल्या आत फुटते आणि मग माणसाचे काही सांगता येत नाही. डॉक्टरांना हे चांगले ठाऊक होते. तो शब्द त्यांनी त्याच वेळी उच्चारला असता, तर ही कथा येथेच संपली असती.

परंतु ते वाचनालय होते, टेबलाभोवती मंडळ बसले होते आणि डॉक्टर अध्यक्ष होते. त्यांनी अदबीने विचारले, “निरीक्षकसाहेब, उत्तर सांगू, की सूचना देऊ?”

सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. निरीक्षकांना दरदरून घाम फुटला होता. पण आजवर एकाही उत्तरासाठी त्यांनी कोणापुढे तोंड वेंगाडले नव्हते.

“सूचना,” ते म्हणाले. “आणि तीही हलकी.”

डॉक्टरांनी क्षणभर छताकडे पाहिले. “आस्थापनेवर आहे, काम काही नाही. ठीक आहे तोवर कोणी विचारत नाही, बिघडलं की सगळ्यांची पळापळ. चार अक्षरी.”

भूगोलबाईंनी मनापासून दाद दिली. जरा वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू पसरले, मग वकिलांच्या, मग हजेरीपुरत्या सभासदांच्याही. थोड्याच वेळात त्या खोलीतल्या सर्वांना निरीक्षकांचे दुखणे कळले. कळले नव्हते ते फक्त ज्याचे दुखत होते त्याला. ही परिस्थिती कोणाला विशेष चमत्कारिक वाटली नाही.

निरीक्षकांच्या पत्नी प्राथमिक शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या विषयात उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नवरा भिंतीला धरून घरात शिरलेला पाहताच त्यांनी त्याला निजवले आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारले.

“चार अक्षरी आहे,” निरीक्षक म्हणाले.

“काय चार अक्षरी?”

“दुखणं.”

“अहो, औषध काय दिलं त्यांनी?”

“औषध कसं देतील? बाटलीवर लिहिलेलं असतं ना सगळं. मग कोड्यात काय राहिलं?”

पत्नीने चपला पायात सरकवल्या आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि वहिनी मंडळाच्या सभासद आहेत का, अशी विचारणा केली. त्या नव्हत्या. मग त्यांना मध्यम सूचना देता येत नाही, हे डॉक्टरांनी जड अंतःकरणाने सांगितले. आपण सभासद म्हणून नव्हे, तर बायको म्हणून विचारायला आलो आहोत, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी या विधानाचा सर्व बाजूंनी विचार केला आणि घटनेत बायको या वर्गासाठी तरतूद नसल्याचे कळवले.

“वहिनी, मला काय सांगायला जड आहे का? पण उद्या ते बरे होतील आणि विचारतील, डॉक्टर, तुमचा माझ्या बुद्धीवर विश्वास नव्हता का? तेव्हा मी त्यांना काय तोंड दाखवू?”

“आणि बरे झाले नाहीत तर?”

“तर मग विचारण्याचा प्रश्नच येत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक वाकून, एक हात पोटावर ठेवून मंडळात हजर झाले. त्यांना उत्तर सुटले होते. आस्थापनेवर आहे, काम काही नाही, कोणी विचारत नाही, अक्षरे चार. त्यांनी ती बोटांवर मोजून दाखवली: उ, पा, ध्य, क्ष.

उत्तर चूक आहे, असे डॉक्टर म्हणाले. मात्र प्रामाणिक माणूस असल्याने त्यांना पुढे असेही म्हणावे लागले की, संकेताला ते तंतोतंत लागू पडते. यावर उपाध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला. अध्यक्षांच्या सूचनेमुळे उपाध्यक्षपदाची बेअब्रू झाली असून ती सूचना तत्काळ मागे घेण्यात यावी, असे ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सूचना मागे घेतली तर रुग्णाची दिशाभूल होईल. वकील म्हणाले, रुग्ण येतात नि जातात, पद कायम राहते. शेवटी असे ठरले की या प्रश्नावर विशेष सभा बोलवावी आणि तिचा निर्णय होईपर्यंत या दुखण्यासंबंधीच्या सर्व सूचनांना स्थगिती असावी. निरीक्षकांना हे अगदी नियमाला धरून वाटले. ते तसेच वाकून कचेरीत गेले.

कचेरीतही बातमी पोहोचली होती. तिथे कोडी कोणी सोडवीत नसत, पण कोणाला काही स्पष्ट न सांगण्याची तालीम मंडळापेक्षा कितीतरी जुनी होती. साहेबांनी त्यांना बसायला सांगितले, जे त्यांनी कधी सांगितले नव्हते. ज्या सहकाऱ्याशी अबोला होता, तो स्वतः होऊन क्षमा मागून गेला. दुसरा एक जण खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसून वारा कसा येतो ते पाहत होता. निरीक्षकांनी या सर्व गोष्टींची सूचना म्हणून नोंद घेतली आणि वजनाने त्या हलक्या ठरवल्या.

तिसऱ्या प्रहरी भूगोलबाई घरी आल्या. स्थगिती असल्यामुळे आपण सूचना द्यायला नव्हे, नुसत्या समाचाराला आलो आहोत, हे त्यांनी उंबऱ्यातच स्पष्ट केले. थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना मात्र त्यांना राहवले नाही. जाता जाता त्या स्वतःशीच म्हटल्यासारख्या म्हणाल्या, “नकाशा समोर टांगलाय असं समजावं आणि नैर्ऋत्येकडे बघावं.”

निरीक्षक डोळे मिटून जगातले सगळे नैर्ऋत्य वारे आठवू लागले. पत्नीने मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून नवऱ्याकडेच भिंतीवरच्या नकाशासारखे पाहिले. वर उत्तर, खाली दक्षिण, डावीकडे पश्चिम. त्यांची नजर जिथे थांबली, तिथे नवऱ्याचा हात घट्ट दाबून धरलेला होता. कोडे सुटल्याचा आनंद वगैरे त्यांना झाला नाही. शाळेतल्या शिपायाच्या भावाचे असेच झाले होते आणि तो वाचला नव्हता.

“अहो, ऐका. हे तर तुमचं—”

निरीक्षकांनी दोन्ही कानांवर उशी दाबली. “एक अक्षर बोललीस तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही. मला एक अक्षर लागलंय. शेवटचं.”

त्या गप्प बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पुष्कळ उत्तरे गिळली होती. नवऱ्याला बढती का मिळत नाही हे त्यांना ठाऊक होते, नणंद या घरी का येत नाही हेही ठाऊक होते. घरात शांतता राहावी म्हणून त्या दर वेळी मूग गिळून बसल्या होत्या, तशाच आताही बसल्या. या गप्प बसण्याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

खरे सांगायचे तर निरीक्षकही काही इतके मठ्ठ नव्हते. ज्याने कोड्यातल्या दीनाला उलटा करून नदी काढली, त्याला स्वतःच्या पोटातले चार अक्षरी सापडू नये, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण उत्तर कळले की पाठोपाठ सुरी येणार होती. सूचना होत्या तोवर ते नुसते कोडे होते, आणि कोड्याने आजवर कोणी मेलेले नव्हते. निरीक्षक घाबरले होते. तरी ‘मी घाबरलोय’ म्हणण्यापेक्षा ‘मी अजून प्रयत्न करतोय’ म्हणणे बरे दिसते, म्हणून ते तसे म्हणत राहिले.

विशेष सभा भरली. गणसंख्या पुरी होत नसल्यामुळे निरीक्षकांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट वाचनालयात आणण्यात आले. अंगात ताप होता, ओठ सुकले होते. पहिला बराच वेळ ‘काम काही नाही’ हे शब्द पदाला लागू आहेत की पदावरील व्यक्तीला, या चर्चेत गेला. मग डॉक्टरांनी घड्याळाकडे आणि निरीक्षकांकडे पाहिले आणि सभासदाची प्रकृती लक्षात घेता आपण जड सूचना द्यायला तयार असल्याचे सांगितले. त्यासाठी उपाध्यक्षांची संमती हवी होती.

वकील म्हणाले, या प्रकरणात बेअब्रू आपलीच झालेली असल्याने आपण संमती देणे औचित्याला धरून होणार नाही. आपल्याच खटल्यात आपण निवाडा देत नसतो. भूगोलबाईंनी सुचवले, तात्पुरता दुसरा उपाध्यक्ष नेमावा. वकील म्हणाले, अवश्य नेमावा. फक्त तसा ठराव मांडण्याचा अधिकार घटनेनुसार उपाध्यक्षांनाच आहे आणि ते औचित्यामुळे तो मांडू शकत नाहीत. डॉक्टर वैतागून म्हणाले, हे असले कलम केले कोणी? सगळ्यांनी निरीक्षकांकडे पाहिले. तापाने लाल झालेल्या त्या चेहऱ्यावर अभिमान दिसला. कलम अगदी बरोबर आहे, असे ते क्षीण आवाजात म्हणाले आणि टेबलाखाली ओकले. कार्यवृत्तात याची नोंद ‘सभासदांनी आपल्या भावना मोकळ्या केल्या’ अशी झाली.

तेवढ्यात शाळा सोडून आलेल्या त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहिल्या. त्यांनी अध्यक्षांची परवानगी न घेता खुर्ची उचलायला लावली, बाहेर उभ्या केलेल्या गाडीत नवऱ्याला घातले आणि रुग्णालय गाठले. सभा तहकूब करून मंडळही नैतिक पाठिंबा देण्यासाठी मागोमाग गेले.

रुग्णालयातले शस्त्रक्रियेचे डॉक्टर तरुण होते आणि मंडळाबाहेरचे होते. त्यांनी पोट दाबले आणि परिचारिकेला तयारी करायला सांगितले. अडचण फक्त एका सहीची होती. काय काढणार आहोत हे रुग्णाला सांगून, त्याला समजले अशी खात्री करून, मगच त्याची सही घ्यावी, असा तिथला नियम होता. ते सांगायला खाली वाकले, तोच निरीक्षकांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“सांगू नका. मला तीन अक्षरं लागलीत. पहिलं, तिसरं आणि चौथं. एकच राहिलंय.”

तरुण डॉक्टर बुचकळ्यात पडले. मंडळाने त्यांना दोन्ही बाजूंनी घेरून परिस्थिती समजावून दिली. ती ऐकता ऐकता त्या भल्या माणसालाही चेव आला. एकच अक्षर राहिले असेल तर त्याच्या डोक्यावर अनुस्वार आहे एवढे सांगितले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. ती जड सूचना होईल, असे वकील म्हणाले. काना नाही एवढे तरी सांगावे, असे भूगोलबाईंनी सुचवले. ते मध्यमात बसते की जडमध्ये, यावर पलंगाच्या दोन्ही बाजूंना फार उद्बोधक चर्चा सुरू झाली. परिचारिका दोनदा येऊन सगळे तयार असल्याचे सांगून गेली. निरीक्षकांचा चेहरा राखेसारखा होत चालला होता. तो फक्त एकच व्यक्ती पाहत होती.

“अपेंडिक्स,” पत्नी म्हणाल्या. फळ्यापाशी उभे राहून शेवटच्या बाकाला ऐकू जावे, अशा आवाजात म्हणाल्या. “अपेंडिक्स आहे तुमचं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. वकीलसाहेबांना कळलं होतं, बाईंना कळलं होतं, मलाही कळलं होतं. आणि तुम्हालाही कळलंय. भीती मलाही वाटतेय. आता सही करा.”

भूगोलबाईंनी डोळे मिटून घेतले. हा सरळसरळ खून आहे, असे वकील पुटपुटले; ते कोड्याविषयी बोलत होते. निरीक्षकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते दुखण्याचे आहे असे समजून तरुण डॉक्टरांनी त्यांना धीर दिला आणि त्यांच्या हातात पेन दिले. निरीक्षकांनी सही केली. पत्नीने त्यांचा हात धरला होता, तो शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत सोडला नाही.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर सही घ्यायला माणूस उरला नसता, असे तरुण डॉक्टर नंतर म्हणाले. निरीक्षक वाचले, लवकरच हिंडूफिरू लागले आणि तराजू तपासू लागले. खिडकीजवळची खुर्चीही त्यांना, थोड्या नाइलाजाने का होईना, परत मिळाली.

मंडळाच्या पुढच्या सभेत एक निषेधाचा ठराव आला. सभासदाच्या पत्नीने कोणतीही पूर्वसूचना न देता, मोठ्या आवाजात व थेट उत्तर सांगून सभासदाचा बौद्धिक आनंद हिरावून घेतला, याबद्दल हे मंडळ तीव्र खेद व्यक्त करीत आहे. ठराव वकिलांनी मांडला. अनुमोदन वजनेमापे निरीक्षकांनी दिले. ठराव एकमताने संमत झाला आणि त्या आनंदात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यातले वितुष्टही मिटले.

संध्याकाळी निरीक्षकांनी बायकोची समजूत घातली. “तुझ्याविरुद्ध काही नाही गं. तत्त्वाचा प्रश्न आहे. एकच अक्षर राहिलं होतं माझं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तेवढंच राहिलं होतं.” आणि त्या मुलांच्या वह्या तपासायला बसल्या. इतरही बरेच काही त्यांना बोलता आले असते. पण निरीक्षक घरात चालत होते, जेवत होते, आणि त्यांना तेवढे पुष्कळ होते.

वाचक आता या मंडळाला हसत असतील. हसावेच. फक्त जाता जाता एक. तुमच्याविषयीही एक गोष्ट आहे. ती तुमच्या घरातल्यांना ठाऊक आहे, कचेरीत शेजारच्या टेबलाला ठाऊक आहे, आणि तुम्ही उठून गेलात की मित्रमंडळींत तिच्यावर मनमोकळी चर्चा होते. तुम्ही दारातून आत आलात की बोलणे एकदम हवापाण्यावर का येते, याचा तुम्ही कधी विचार केला असेल. अलीकडे माणसे तुमच्याशी गरजेपेक्षा जरा जास्त गोड बोलतात, हेही तुमच्या लक्षात आले असेल. प्रस्तुत लेखकालाही ती गोष्ट ठाऊक आहे. एका वाक्यात सांगताही आली असती. पण उगाच वाईटपणा कोणी घ्यावा?